विश्लेषण : व्हायोलिन-पियानो सोनाटाचे ध्वनिमुद्रण इतके अवघड का? दोघांत ‘साथीदार’ कोण, हे मायक्रोफोनने कसे ठरवले?

सेझार फ्रँक या संगीतकाराचा व्हायोलिन आणि पियानोसाठीचा सोनाटा फोनवर शोधला, तर त्याची डझनावारी ध्वनिमुद्रणे समोर येतात. स्वरलिपी सगळ्यांची एकच. तरीही एका ध्वनिमुद्रणात व्हायोलिन थेट कानाशी वाजते आणि पियानो शेजारच्या खोलीत असल्यासारखा वाटतो, तर दुसऱ्यात दोघे समोरासमोर बसून बोलत असल्याचा भास होतो. हा फरक केवळ वादकांच्या शैलीचा नसतो. मायक्रोफोन कुठे ठेवला, पियानोचे झाकण किती उघडले, तबकडीच्या एका बाजूवर किती मिनिटे मावत होती, कंपनीने कोणाचे नाव मोठ्या अक्षरांत छापले, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. पाश्चात्त्य अभिजात संगीतातील या दोन वाद्यांचे नाते गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ध्वनिमुद्रणाने कसे घडवले, बिघडवले आणि पुन्हा सावरले, त्याचा हा आढावा.

सोनाटा म्हणजे काय आणि त्यात मुख्य कोण?

सोनाटा म्हणजे तीन किंवा चार भागांची, संगीतकाराने स्वर न् स्वर लिहून ठेवलेली रचना. व्हायोलिन आणि पियानोच्या सोनाटात साधारणपणे व्हायोलिन मुख्य आणि पियानो साथीला, असा समज आहे. इतिहास मात्र उलट सांगतो. मोझार्टची पहिली प्रकाशित पुस्तके १७६४ मध्ये पॅरिसमध्ये निघाली, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. त्यात होते ते कळफलकाच्या वाद्याचे सोनाटा. व्हायोलिन साथीला घेता येईल, इतकेच. बीथोवनचे या प्रकारातील पहिले तीन सोनाटा, म्हणजे ओपस १२, प्रसिद्ध झाले तेव्हाही मुखपृष्ठावर कळफलकाचे वाद्य आधी आणि ‘एक व्हायोलिन’ नंतर होते.

बीथोवनने असे एकूण दहा सोनाटा लिहिले. त्यांपैकी ‘क्रॉइत्झर’ नावाने ओळखला जाणारा नववा सोनाटा २४ मे १८०३ रोजी व्हिएन्नात जॉर्ज ब्रिजटॉवर या व्हायोलिनवादकाबरोबर स्वतः बीथोवनने पियानोवर बसून सादर केला. त्यात दोन्ही वाद्ये बरोबरीने झुंजतात. एकोणिसाव्या शतकात गावोगावी दौरे करणाऱ्या व्हायोलिनवादकांचा बोलबाला वाढला आणि जाहिरातीत त्यांचे नाव वर, पियानोवादकाचे खाली, हा रिवाज रुजला. हिंदुस्थानी संगीताच्या भाषेत सांगायचे, तर लिहिली गेली होती जुगलबंदी. पण ती सादर होऊ लागली साथसंगतीसारखी. ध्वनिमुद्रण आले ते नेमके याच काळात.

या दोन वाद्यांचा मेळ मुळातच अवघड का?

व्हायोलिनचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मैफलीचा मोठा पियानो पावणेतीन मीटर लांब आणि पाचशे किलोच्या घरातला. व्हायोलिनचा सर्वांत खालचा स्वर सुमारे १९६ हर्ट्झचा, तर पियानो २७.५ हर्ट्झपासून चार हजारांच्या पुढे जातो. आकार आणि पल्ला यांचा फरक एवढा असला, तरी खरी अडचण स्वर कसा निर्माण होतो यात आहे. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून स्वर विरू लागतो. व्हायोलिनवादक मात्र गज ओढत एकच स्वर हवा तितका लांबवू शकतो, मध्येच फुलवू शकतो. तेच वाक्य एकाने गायचे आणि दुसऱ्याने थेंबाथेंबाने मांडायचे, असा हा मामला आहे.

सुरांचाही प्रश्न असतो. पियानोत एका सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात आणि वादकाला ते वाजवताना बदलता येत नाहीत. हार्मोनियमच्या स्थिर सुरांवरून आपल्याकडे झालेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे लगेच कळेल. व्हायोलिनवर पडदे नसतात. एकटा वाजवताना वादक एखादा स्वर किंचित चढवतो, उतरवतो. पियानो जोडीला असला, की प्रत्येक ठिकाणी किती जुळवून घ्यायचे हे त्याला ठरवावे लागते. सभागृहात हा फरक प्रतिध्वनीत मिसळून जातो. जवळच्या मायक्रोफोनला तो स्वच्छ ऐकू येतो आणि ध्वनिमुद्रणात कायमचा राहतो.

कर्ण्याच्या काळात काय हरवले?

१९२५ पूर्वी ध्वनिमुद्रणात विजेचा वापर नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवत. आवाजाच्या लहरींनी कर्ण्याच्या टोकाचा पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत जाई. अगदी मंद्र किंवा अगदी तार स्वर त्या सुईपर्यंत नीट पोहोचत नसत. व्हायोलिनवादकाला जवळपास कर्ण्याच्या तोंडाशी उभे केले जाई. पियानो मागे, बहुधा उभ्या ठेवणीचा, फळ्या काढलेला आणि चौथऱ्यावर चढवलेला असे. तरीही तो डबा बडवल्यासारखा ऐकू येई. व्हायोलिनचा आवाज पोहोचावा म्हणून ऑगस्टस स्ट्रो यांनी लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा बसवलेले व्हायोलिन तयार केले. त्याचे पेटंट १८९९ चे आहे. ‘स्ट्रो व्हायोलिन’ पुढे अनेक स्टुडिओंत वापरले गेले.

अशा व्यवस्थेत सोनाटाला जागा नव्हती. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटे मावत. त्यामुळे कंपन्या छोट्या, गोड, टाळ्याखाऊ रचना मागत. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांना तीन मिनिटांत राग बसवावा लागला, तीच ही अडचण. ब्राम्सचे जिवलग सहकारी आणि एकोणिसाव्या शतकातील मातब्बर व्हायोलिनवादक योसेफ योआखिम १९०३ मध्ये कर्ण्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्यांच्या पाच छोट्या ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध आहेत. त्यात एकही सोनाटा नाही.

यूजीन इझाई यांची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. फ्रँकने आपला सोनाटा १८८६ मध्ये इझाई यांच्या लग्नाची भेट म्हणून लिहिला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रुसेल्सच्या एका संग्रहालयात इझाई आणि पियानोवादक लिओन्तिन बोर्द-पेन यांनी तो जाहीरपणे सादर केला. चित्रांच्या दालनात दिवे लावायला मनाई होती. संध्याकाळ झाली, कागद दिसेनासा झाला आणि दोघांनी उरलेले भाग अंधारात, आठवणीने वाजवले, असे त्या मैफलीचे वर्णन आहे. इझाई पुढे आयुष्यभर हा सोनाटा वाजवत राहिले. १९१२ मध्ये अमेरिकेत त्यांनी ध्वनिमुद्रिकाही केल्या. मात्र त्या छोट्या रचनांच्या. ज्याच्यासाठी हा सोनाटा लिहिला गेला, त्याच्या हातून तो कसा वाजत असे, हे आता कोणालाही ऐकता येणार नाही.

विजेच्या मायक्रोफोनने काय बदलले?

१९२५ मध्ये मायक्रोफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचा वापर सुरू झाला आणि पियानोला ध्वनिमुद्रणात प्रथमच त्याचा खरा आवाज मिळाला. हा बदल ऐकण्यासाठी एक तयार प्रयोगच उपलब्ध आहे. झाक तिबो आणि आल्फ्रेड कॉर्तो या फ्रेंच जोडीने फ्रँकचा हाच सोनाटा दोनदा ध्वनिमुद्रित केला : १९२३ मध्ये कर्ण्यासमोर आणि १९२९ मध्ये मायक्रोफोनसमोर. वादक तेच, रचना तीच, मध्ये अंतर जेमतेम सहा वर्षांचे. पहिल्यात कॉर्तोचा पियानो व्हायोलिनच्या मागे पुसट होतो. दुसऱ्यात दुसऱ्या भागाचे पियानोतील वादळ पहिल्यांदा वादळासारखे ऐकू येते आणि या रचनेत पियानोचे काम किती कठीण आहे, हे लक्षात येते.

चार मिनिटांची अडचण मात्र तशीच होती. फ्रँकचा सोनाटा अठ्ठावीस मिनिटांच्या आसपासचा. म्हणजे सात-आठ बाजू. दर चार मिनिटांनी थांबायचे आणि पुढच्या बाजूला नेमक्या त्याच लयीत, त्याच मनःस्थितीत सुरुवात करायची. शिवाय मेणाची मूळ तबकडी वाजवून पाहिली की ती खराब होई. एखादी चूक झाली, तर ती पूर्ण बाजू पुन्हा. फ्रिट्झ क्राइस्लर आणि सर्गेई राखमानिनॉव्ह या दोन दिग्गजांनी १९२८ मध्ये बीथोवन, ग्रीग आणि शूबर्ट यांचे एकेक सोनाटा ध्वनिमुद्रित केले. ग्रीगच्या सहा बाजू त्यांनी प्रत्येकी पाच वेळा वाजवल्या, त्या तीस तबकड्यांतून सहा निवडल्या आणि बाकीच्या नष्ट केल्या, असे राखमानिनॉव्ह यांनी नंतर सांगितले. क्राइस्लर यांना इतकी मेहनत फारशी रुचत नसावी, अशी मिश्कील टिप्पणीही त्यांनी केली होती.

इतक्या महागड्या संचांचा खर्च कसा भागायचा?

महामंदीच्या काळात दहा सोनाटांचा संच काढणे हा कंपनीसाठी जुगार होता. ‘एचएमव्ही’ने त्यावर ‘सोसायटी’ची तोड काढली. वॉल्टर लेग या तरुण अधिकाऱ्याच्या कल्पनेतून १९३१ मध्ये तिची सुरुवात झाली. आधी वर्गणीदार गोळा करायचे, पैसे जमले की मगच ध्वनिमुद्रण. आजच्या क्राउडफंडिंगचे हे जुने रूप. याच पद्धतीने १९३५-३६ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत क्राइस्लर आणि जर्मन पियानोवादक फ्रान्झ रुप यांनी बीथोवनचे दहाही सोनाटा ध्वनिमुद्रित केले.

या संचात नात्याचा तोल कसा होता, हे नावांवरूनच समजते. आजही तो ‘क्राइस्लरचा बीथोवन’ म्हणून ओळखला जातो. दहा सोनाटांमध्ये पियानोचा वाटा निम्म्याहून कमी नाही, तरी रुप यांचे नाव जाणकारांपुरतेच राहिले. त्यांची पत्नी ज्यू होती. नाझी राजवटीत १९३८ मध्ये त्यांनी जर्मनी सोडली आणि अमेरिकेत मॅरियन अँडरसन या थोर कृष्णवर्णीय गायिकेचे पियानोवादक म्हणून दीर्घकाळ काम केले. तिथेही त्यांची ओळख ‘साथीदार’ हीच राहिली.

एलपी आणि टेपमुळे बरोबरी आली का?

बऱ्याच अंशी. १९४८ मध्ये आलेल्या एलपीच्या एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटे मावू लागली. ‘क्रॉइत्झर’सारखा मोठा सोनाटा एका तबकडीत बसू लागला. पूर्वी वेळ वाचवण्यासाठी गाळल्या जाणाऱ्या पुनरावृत्ती घेणे शक्य झाले. त्याच सुमारास चुंबकीय टेप आली. टेप ब्लेडने कापून दुसऱ्या टेपला जोडता येई. त्यामुळे एका चुकीपायी सगळे वाजवण्याची सक्ती संपली. वादक सलग, मोठा श्वास घेऊन वाजवू लागले.

या काळातील सर्वांत जिव्हाळ्याची जोडी म्हणजे बेल्जियमचे आर्थर ग्रुमियो आणि रोमानियात जन्मलेल्या क्लारा हास्किल. १९५६-५७ मध्ये त्यांनी ‘फिलिप्स’साठी बीथोवनचे दहाही सोनाटा ध्वनिमुद्रित केले. मोझार्टचेही काही केले. हास्किल यांना व्हायोलिन येत असे आणि ग्रुमियो उत्तम पियानो वाजवत. सरावात दोघे कधी कधी वाद्यांची अदलाबदल करत, असे सांगितले जाते. दुसऱ्याच्या हाताला काय सोपे आणि काय अवघड, हे दोघांनाही स्वतःच्या बोटांनी ठाऊक होते. त्यांच्या ध्वनिमुद्रणात कोणी कोणासाठी थांबल्यासारखे वाटत नाही, याचे एक कारण हे असावे.

डिसेंबर १९६० मध्ये ग्रुमियो यांच्याबरोबरच्या मैफलीसाठी हास्किल ब्रुसेल्सला आल्या. रेल्वे स्थानकाच्या जिन्यावरून त्या पडल्या आणि ७ डिसेंबरला त्यांचे निधन झाले. ही जोडी आज ऐकता येते ती केवळ त्या टेपमुळे.

त्याच टेपने एक विलक्षण प्रयोगही शक्य केला. ग्रुमियो यांनी मोझार्टचा एक आणि ब्राम्सचा एक सोनाटा दोन्ही वाद्ये स्वतः वाजवून ध्वनिमुद्रित केला. आधी एक वाद्य, मग ते ऐकत दुसरे. तांत्रिकदृष्ट्या ही कमाल होती. पण त्यातून एक साधा प्रश्नही पुढे येतो. समोरचा काय करील हे आधीच पक्के ठरलेले असेल, तर त्याला संवाद म्हणायचे का? सोनाटात एकाने स्वर जरा रेंगाळवला, की दुसरा त्याच क्षणी काहीतरी ठरवतो. ध्वनिमुद्रणात टिपायचा असतो तो हा क्षण.

आज स्टुडिओत नेमके काय घडते?

पहिला निर्णय जागेचा. अनेक कंपन्या स्टुडिओपेक्षा चांगला प्रतिध्वनी असलेले सभागृह किंवा चर्च पसंत करतात. बर्लिनमधील डाहलेम भागातील येझुस-क्रिस्टुस चर्च किंवा स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फॉं येथील सभागृह यासाठी प्रसिद्ध आहेत. चर्चमध्ये स्वर सुंदर घुमतो. पण विमान, पक्षी, पाऊस आणि थंडी यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

दुसरा निर्णय बसण्याचा. मैफलीत व्हायोलिनवादक पियानोच्या बाकाजवळ, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो. पियानोवादक त्याच्या मागे पडतो. ध्वनिमुद्रणात प्रेक्षक नसल्याने दोघांना एकमेकांचे डोळे दिसतील असे उभे करता येते. पियानोचे झाकण पूर्ण उघडायचे की अर्धे, हाही वादाचा मुद्दा. झाकण मिटवल्याने पियानो हळू होत नाही, त्याचा आवाज कोंदट होतो, असा अनेक पियानोवादकांचा आक्षेप असतो.

तिसरा निर्णय मायक्रोफोनचा. सहसा दोन मुख्य मायक्रोफोन काही मीटर अंतरावर, दोन्ही वाद्ये आणि जागेचा प्रतिध्वनी मिळून टिपतात. त्याशिवाय प्रत्येक वाद्याजवळ एखादा मदतनीस मायक्रोफोन असतो. इथे एक बारीक गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मीटर दूरच्या मायक्रोफोनला तोच स्वर जवळच्यापेक्षा साधारण नऊ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही तसेच मिसळले, तर आवाज विस्कटतो. म्हणून जवळच्या मायक्रोफोनचा आवाज तेवढाच मागे सरकवला जातो. त्याची पातळी जरा वाढवली, की व्हायोलिन एक पाऊल पुढे येते. पूर्वी कर्ण्याने ठरवलेले नाते आज अशा एका बटणाने ठरते.

मग प्रत्यक्ष वादन. एका सीडीएवढ्या संगीताला बहुधा दोन-तीन दिवस लागतात. नियंत्रण कक्षात बसलेला निर्माता समोरच्या स्वरलिपीवर प्रत्येक टेकच्या खुणा करत असतो. एखादा भाग सलग दोन-तीनदा वाजवला जातो, त्यानंतर कच्चे राहिलेले तुकडे वेगळे घेतले जातात. पियानो सुरात ठेवणारा तंत्रज्ञ दिवसभर हजर असतो, कारण सततच्या वादनाने तारा उतरतात. पान उलटल्याची सळसळ, बाकाची करकर, पेडलचा ठोका, व्हायोलिनवादकाचा जोरात घेतलेला श्वास या प्रत्येकासाठी एखादा सुंदर टेक बाद होऊ शकतो.

तुकडे जोडलेले संगीत खरे मानायचे का?

हा वाद टेपइतकाच जुना आहे. कॅनडाचे पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६४ मध्ये जाहीर मैफली कायमच्या सोडल्या आणि स्टुडिओतील जोडकाम ही चित्रपटाच्या संकलनासारखीच सर्जनशील गोष्ट आहे, अशी बाजू मांडली. अनेक वादकांना ते पटले नाही. सलग वादनात चढत जाणारी ऊर्जा तुकड्यांतून उभी राहत नाही, असे त्यांचे म्हणणे.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण १३ एप्रिल १९४० चे आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये योसेफ सिगेटी आणि संगीतकार बेला बार्टोक या दोन हंगेरियनांनी बीथोवनचा ‘क्रॉइत्झर’, देबुसीचा सोनाटा आणि बार्टोक यांच्या स्वतःच्या दोन रचना वाजवल्या. युरोपात युद्ध पेटले होते. त्याच वर्षी बार्टोक यांनी मायदेश कायमचा सोडला. ही मैफल तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित झाली आणि बऱ्याच वर्षांनी एलपीवर आली. तबकडीची खरखर, सिगेटी यांच्या गजाचे ओरखडे, सारे त्यात आहे. तरीही अनेक जाणकार ती सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रणांत मोजतात. कारण तिथे पियानोवर साथीदार नाही, एक संगीतकार बसलेला आहे आणि तो प्रत्येक वाक्याला स्वतःचे उत्तर देतो.

जुन्या वाद्यांनी काय शिकवले?

गेल्या काही दशकांत मोझार्ट-बीथोवनच्या काळातील पियानो, म्हणजे ‘फोर्टेपियानो’ वापरून ध्वनिमुद्रणे होऊ लागली. लाकडी चौकटीचे, हलक्या हातोड्यांचे हे वाद्य आतड्याच्या तारा लावलेल्या व्हायोलिनशेजारी ठेवले, की तोलाचा निम्मा प्रश्न आपोआप सुटतो. रेचल पॉजर आणि गॅरी कूपर यांची मोझार्टची मालिका किंवा मिदोरी झाइलर आणि योस फान इमर्सील यांचा बीथोवन ऐकला, की या संगीतकारांनी पियानोसाठी इतके भरगच्च का लिहिले, हे कळते. त्यांच्या काळचा पियानो व्हायोलिनला झाकू शकतच नव्हता.

आधुनिक पियानोवरही दृष्टी बदलली आहे. गिडॉन क्रेमर आणि मार्था आर्गेरिच यांनी १९८४ ते १९९४ या काळात बीथोवनचे दहाही सोनाटा ध्वनिमुद्रित केले. आर्गेरिच यांना साथीदार म्हणण्याची हिंमत कोणी करणार नाही. इझाबेल फाउस्ट आणि अलेक्झांडर मेलनिकॉव्ह यांच्यासारख्या जोड्यांची नावे आता बरोबरीने छापली जातात. व्ही. जी. जोग यांचे व्हायोलिन बिस्मिल्ला खाँ यांच्या शहनाईसमोर जुगलबंदीला उभे राहिले, तेव्हा तबकडीवर दोघांची नावे येणे रसिकांना स्वाभाविक वाटले. पाश्चात्त्य सोनाटाला मात्र मूळच्या बरोबरीकडे परतायला अनेक दशके लागली.

फोनवर ऐकताना काय लक्षात ठेवावे?

पहिली गोष्ट, फोनच्या छोट्या स्पीकरवर विसंबू नये. त्यातून खालचे स्वर जवळपास गायब होतात. म्हणजे पियानोवादकाचा डावा हात ऐकूच येत नाही आणि व्हायोलिन पुन्हा आपोआप मुख्य होऊन बसते. साधे इअरफोन लावले तरी हा तोल बराचसा परत मिळतो.

दुसरी गोष्ट, स्ट्रीमिंग सेवांवर सोनाटाचा प्रत्येक भाग वेगळे ‘गाणे’ म्हणून दिसतो. ‘शफल’ सुरू असेल, तर चौथा भाग पहिल्याच्या आधी वाजू शकतो. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवेत तीस सेकंद ऐकले की एक वादन मोजले जाते, मग ते तीन मिनिटांचे गाणे असो की दहा मिनिटांचा सोनाटाचा भाग. लांब रचना वाजवणाऱ्यांचे त्यात नुकसान आहे. कलाकार म्हणून पहिले नाव कोणाचे, हा जुना प्रश्नही तिथे नव्याने उभा राहतो. ‘अ‍ॅपल म्युझिक क्लासिकल’ किंवा ‘इदाजिओ’सारख्या खास अभिजात संगीताच्या सेवांमध्ये रचना, संगीतकार आणि प्रत्येक वादक यांच्या नावाने शोधण्याची सोय आहे.

तिसरी गोष्ट जुन्या ध्वनिमुद्रणांची. भारतात ध्वनिमुद्रणावरील स्वामित्व हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा आहे. त्यामुळे क्राइस्लर-रुप, तिबो-कॉर्तो यांच्या मूळ तबकड्या इथे केव्हाच मुक्त झाल्या आहेत आणि इंटरनेटवर सहज मिळतात. सुरुवातीची खरखर दोन मिनिटांत कानाला सवयीची होते.

हा सगळा इतिहास एकाच ठिकाणी पारखून पाहायचा, तर फ्रँकच्या सोनाटाचा चौथा भाग लावावा. तिथे पियानो एक साधी, प्रसन्न धून सुरू करतो आणि एका मात्रावर्तनानंतर व्हायोलिन तीच धून पहिल्यापासून धरते. पियानो पुढे, व्हायोलिन मागे, दोघेही तेच गात राहतात. इथे व्हायोलिन पाठलाग करते आहे, हे ऐकू आले, तर तोल साधला आहे. एकटे व्हायोलिन गाते आहे आणि मागे काहीतरी वाजते आहे, इतकेच ऐकू आले, तर मायक्रोफोन चुकीच्या जागी होता किंवा ऐकणाऱ्याने अजून इअरफोन लावलेले नाहीत.